एकशे चौऱ्याऐंशी परार्ध

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

ही वीस अंकी संख्या आपण बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते, फक्त तिचे अंक कुणी पुरते सांगितलेले नसतात. बुद्धिबळाचा खेळ पाहून राजा खूश होतो, ‘हवं ते माग’ म्हणतो, आणि खेळ रचणारा पंडित पटाच्या पहिल्या घरात धान्याचा एक दाणा मागतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्टाव्या घरापर्यंत दुप्पट करत. पुढे कोठार रिकामं होतं. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानने ही कथा सांगताना त्या पंडिताचं नाव सिस्सा दिलं आहे. त्याच्याही आधी, इ.स. १००० च्या सुमारास, अल-बिरुनीने या दाण्यांची बेरीज शेवटच्या अंकापर्यंत बरोबर करून आपल्या ग्रंथात लिहून ठेवली होती.

कथेमुळे ही संख्या ‘केवढी मोठी’ म्हणून प्रसिद्ध झाली. पण नुसत्या आकाराचं कौतुक किती करायचं? शेवटी एक शून्य लिहिलं की कुणालाही तिच्या दहापट मोठी संख्या मिळते. मला ती आवडते तिच्या बांधणीसाठी. इतकी अवाढव्य आणि तरीही आतून इतकी नेटकी संख्या क्वचित भेटते.

तरी एकदा आकार पाहून घेऊ. तांदळाच्या एका ग्रॅमला ४० दाणे धरले, तर पटाची पहिली ओळ भरते तेव्हा २५५ दाणे झालेले असतात, म्हणजे जेमतेम सहा ग्रॅम. दुसरी ओळ संपताना दीड किलोच्या थोडं वर. तिसरी संपताना चार क्विंटल. चौथी संपली, अर्धा पट झाला, की १०७ टन. इथवर एखादा बरा व्यापारीही निभावून नेईल. पाचव्या ओळीला २७ हजार टन लागतात, सहाव्या ओळीपर्यंत आकडा ७० लाख टनांवर जातो आणि पूर्ण पटाला सुमारे ४६ हजार कोटी टन. आज साऱ्या जगात वर्षाला साधारण ५२-५३ कोटी टन तांदूळ पिकतो. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली त्या वर्षी, म्हणजे ११५० साली, आजच्या वेगाने पिकवायला सुरुवात केली असती आणि एक घासही न खाता सगळा तांदूळ पटावर ओतला असता, तर आत्ता कुठे शेवटचं घर भरत आलं असतं.

‘लीलावती’चं नाव उगाच घेतलं नाही. भास्कराचार्यांनी त्या ग्रंथात एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या या यादीच्याही बाहेर जाते: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म... असं वाचत खाली यावं लागतं. चौसष्ट घरांच्या एका लाकडी फळीने परार्धाची वेस ओलांडली.

आता ही बेरीज करायची कशी? चौसष्ट आकडे एकाखाली एक मांडायची गरज नाही. प्रत्येक घरात आधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा एक दाणा जास्त असतो. दुसऱ्या घरात २, आधीचा १. तिसऱ्यात ४, आधीचे ३. चौथ्यात ८, आधीचे ७. म्हणजे पासष्टावं घर असतं तर त्यात जेवढे दाणे पडले असते, त्यातून एक कमी केला की सगळ्या पटाची बेरीज मिळते. पासष्टाव्या घरात येतो २ चा ६४वा घात. आणि तो काढायला फक्त सहा गुणाकार पुरतात, कारण दरवेळी आलेल्या संख्येचा वर्ग करत जायचं:

२ चा वर्ग ४. ४ चा १६. १६ चा २५६. २५६ चा ६५,५३६. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. आणि त्याचा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

शेवटचा गुणाकार दहा अंकी संख्येला दहा अंकी संख्येने करायचा आहे. वहीचं एक पान आणि थोडा धीर एवढंच भांडवल लागतं. मग एक वजा करा.

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. पिंगलाच्या छंदशास्त्रात ती आहे, आणि ती तिथे आली ती कवितेच्या गरजेतून. एका चरणात अमुक इतकी अक्षरं असतील आणि प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असू शकेल, तर एकूण रचना किती होतात? अक्षर वाढलं की रचना दुप्पट. एकोणीस अक्षरांच्या चरणाच्या ५,२४,२८८ रचना होतात आणि शार्दूलविक्रीडित ही त्यातली फक्त एक. पिंगलाने हे दुपटीने मोजत न बसता निम्मं करत जाण्याची आणि उलट येताना वर्ग करण्याची रीत दिली. ‘लीलावती’त तीच रीत श्रेढीसाठी आहे: पदांची संख्या सम असेल तर निम्मी करा आणि ‘वर्ग’ लिहा, विषम असेल तर एक कमी करा आणि ‘गुण’ लिहा, शून्यापर्यंत जा, मग मागे फिरा. ६४ साठी ही यादी किती सुंदर होते पाहा: वर्ग, वर्ग, वर्ग, वर्ग, वर्ग, वर्ग, गुण. विषम संख्या अगदी शेवटी एकदाच येते. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्या मठात कुणा विद्यार्थ्यांनी ही रीत पाटीवर गिरवली असेल, हे मनात आलं की मला फार बरं वाटतं.

त्याच प्रकरणात भास्कराचार्यांनी घातलेलं एक उदाहरण आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचं कबूल केलं. महिन्याभरात किती निष्क दिले? उत्तर येतं १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. सगळ्याच्या कवड्या केल्या तर २,१४,७४,८३,६४६.

संगणकावर काम करणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. यात एक मिळवा: २,१४,७४,८३,६४७. बत्तीस बिटांच्या खणात धन-ऋण चिन्हासकट मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. ही मूळ संख्या आहे, हे गणिती ऑयलरने १७७२ साली दाखवलं. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याच्या प्रेक्षकांचा आकडा यूट्यूबवर हीच हद्द ओलांडून गेला आणि मोजणी ६४ बिटांची करावी लागली. पुष्कळ जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशाच बत्तीस बिटांच्या खणात मोजतात. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी त्यांचा खण भरेल. भास्कराचार्यांच्या कवड्या त्या क्षणाच्या बरोबर एक सेकंद अलीकडे थांबतात. बाराव्या शतकातल्या दात्याला आणि आजच्या यंत्रांना दुपटीने मोजताना एकाच जागी यावं लागलं, यात चमत्कार काही नाही. तरीही अंग शहारतं.

पटावर परत येऊ. खरा खजिना अवयवांत आहे.

शाळेत दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र शिकवतात: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). आपली संख्या म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ चा वर्ग वजा १ चा वर्ग. म्हणून ती ४,२९,४९,६७,२९७ गुणिले ४,२९,४९,६७,२९५. यातली दुसरी संख्या पुन्हा तशीच, ६५,५३६ चा वर्ग वजा एक. म्हणून ६५,५३७ गुणिले ६५,५३५. तीही तशीच. सूत्र एकच, ते खाली खाली लावत गेलं की शेवटी उरतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

परार्धापलीकडची संख्या भागाकाराची जरासुद्धा झटापट न करता उलगडली. आणि डावीकडून गुणत या: ३ × ५ = १५, त्याला १७ ने गुणलं की २५५, म्हणजे पटाच्या पहिल्या ओळीची बेरीज. त्याला २५७ ने गुणलं की ६५,५३५, दोन ओळींची बेरीज. त्याला ६५,५३७ ने गुणलं की अर्ध्या पटाची. आणि शेवटच्या अवयवाने गुणलं की सगळ्या पटाची. पट जसा भरत गेला, तसेच अवयव एकामागून एक आत शिरले.

या सहा संख्या गणितात फर्माच्या नावाने ओळखल्या जातात. पिएर द फर्मा हा फ्रान्समधला कायदेपंडित. १६४० च्या सुमारास त्याने पत्रांतून असं मत मांडलं की २ चा वर्ग करत जायचं आणि दरवेळी एक मिळवायचा, की येणारी प्रत्येक संख्या मूळ असते. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या खरोखरच मूळ आहेत. पुढची ४,२९,४९,६७,२९७. तिच्यापाशी जवळजवळ शंभर वर्षं कुणी काही ठरवू शकलं नाही. १७३२ साली पंचविशीतल्या लेओनार्ड ऑयलरने तिचा अवयव काढला: ६४१.

हा अवयव अंधारात चाचपडून शोधायचा नव्हता. ऑयलरने पुढे सिद्ध केलं की या संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जाईल, तिला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या लहानापासून घ्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच भाग जातो. आणि ६४१ ने भाग का जातो, हे भागाकार न करताही दिसतं. ६४१ म्हणजे ५ × १२८ अधिक १. म्हणजे ६४१ च्या हिशेबात ‘५ गुणिले २ चा सातवा घात’ ही रक्कम उणे एकच्या बरोबरीची. तिचा चौथा घात केला की ‘५ चा चौथा घात गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात’ हे अधिक एक होतं. आता ५ चा चौथा घात ६२५, आणि ६२५ म्हणजे ६४१ वजा १६. म्हणून तो उणे १६ च्या, म्हणजे उणे ‘२ चा चौथा घात’ याच्या बरोबरीचा. तो जागी ठेवा: उणे ‘२ चा बत्तिसावा घात’ म्हणजे अधिक एक. दुसऱ्या शब्दांत, २ चा बत्तिसावा घात अधिक एक म्हणजे शून्य. बाकी उरत नाही. चार ओळींचं हे स्पष्टीकरण मी आजवर वाचलेल्या सुरेख युक्तिवादांत वरच्या रांगेत ठेवीन.

दुसरा अवयव ६७,००,४१७, आणि तोही मूळ. तेव्हा पटाची पूर्ण फोड अशी: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सात वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. म्हणून या संख्येला निःशेष भाग देणाऱ्या संख्या बरोबर १२८, म्हणजे पटाच्या आठव्या घरातल्या दाण्यांइतक्या.

फर्माचं म्हणणं पडलं ते पडलंच. त्या पहिल्या पाचांनंतरच्या सलग २८ संख्या आजवर तपासून झाल्या आणि सगळ्या संयुक्त निघाल्या. पण त्या पाचांचं भाग्य वेगळंच होतं. १७९६ साली अठराव्या वर्षी गाउसने शोधून काढलं की नुसती पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते. युक्लिडनंतर दोन हजार वर्षांत या यादीत नवी भर कुणी घातली नव्हती. पुढे नियम स्पष्ट झाला: बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. ठाऊक असलेल्या अशा मूळ संख्या पाच, त्यांचे गुणाकार ३१, आणि त्यातला सर्वांत मोठा ४,२९,४९,६७,२९५. अर्ध्या पटावरच्या दाण्यांची बेरीज! एवढ्या बाजूंची आकृती प्रत्यक्ष काढली तर ती वर्तुळासारखीच दिसेल. पण काढता येते, याची सिद्धता आहे.

पट आठ बाय आठचा नसून ६७ घरांचा असता तर? फक्त तीन घरं जास्त. बेरीज आली असती १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ६७ ही स्वतः मूळ संख्या, त्यामुळे वर्गांचं सूत्र इथे हात देत नाही. १६४४ साली मेर्सेनने ही संख्या मूळ असल्याचं सांगितलं होतं. १८७६ साली फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने ती मूळ नाही हे दाखवलं, पण एकही अवयव न सापडता. अवयव मिळाले ते १९०३ साली, अमेरिकेतल्या फ्रँक नेल्सन कोल यांना: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. सभेत त्यांनी एक शब्द न बोलता फळ्यावर गुणाकार करून दाखवला, आणि याला किती वेळ लागला असं पुढे विचारल्यावर ‘तीन वर्षांतले रविवार’ असं उत्तर दिल्याचं सांगतात. चौसष्ट घरांची फोड एका सूत्रात, सदुसष्ट घरांची तीन वर्षांत. संख्येचा आकार आणि तिच्या अवघडपणाची पातळी यांचा संबंध किती क्षीण असतो, याचं याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही.

याच ल्युकाने १८८३ साली तीन खुंट्या आणि चकत्यांचं ‘हनोईचा मनोरा’ हे कोडं बाजारात आणलं. त्याबरोबर काशीच्या देवळात ६४ सोन्याच्या चकत्या हलवणाऱ्या पुजाऱ्यांची कथाही पसरली. देऊळ काल्पनिक आहे, हिशेब खरा आहे: ६४ चकत्यांना नेमक्या आपल्या संख्येएवढ्या चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर ५८,००० कोटींहून जास्त वर्षं. विश्वाच्या आजवरच्या वयाच्या बेचाळीस पट.

तिच्या शेजाऱ्यांकडेही पाहण्यासारखं आहे. ...६१५ ही सात मूळ संख्यांचा गुणाकार. पुढची ...६१६ म्हणजे चौसष्ट वेळा नुसता २. त्यापुढची ...६१७ ही फर्माच्या यादीतली पुढची संख्या. तिचे अवयव २,७४,१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ असे दोनच. ते १८८० साली ऐंशी ओलांडलेल्या लांद्रीने काढले, आणि त्याआधी १८५५ साली क्लाउसेनने गाउसला लिहिलेल्या पत्रात ते दिलेले होते. लागून लागून असलेल्या तीन संख्या, आणि तिघींचा स्वभाव इतका निराळा.

आज ही संख्या तुमच्या फोनमध्येही आहे. ६४ बिटांच्या प्रोसेसरमधला एक खण म्हणजे प्रत्येक घरात शून्य किंवा एक मावणारा चौसष्ट घरांचा पट. सगळ्या घरांत एक लिहिला की १८४ परार्धांची हीच संख्या होते. त्यात आणखी एक मिळवायला सांगा, खण शून्यावर येतो.

शिक्षकांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. मुलांना ही गोष्ट सांगताना कोठार रिकामं झालं यावर थांबू नका. वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र आठवीतल्या मुलांना येतं. त्यांना वही उघडायला लावा, २ पासून सहा वेळा वर्ग करू द्या, एक वजा करू द्या, अवयव पाडू द्या. शेवटी ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने भागायला सांगा. भागाकार ६७,००,४१७ येतो आणि बाकी शून्य.